दोष गेमवाल्यांचा!

...नाही, पण मी म्हणतो, दोष गेमवाल्यांचाच ना? अहो, पोरांच्या हातात बंदूक द्यायची, दिवसभर ठो-ठो करायला लावायचं, आणि पोरानं शेजारच्या पोराचा डोळा सुजवला की खाली मान कुणाची? बापाची! त्यात आमच्या करक गावात बापाला मुलाच्याच नावानं हाक मारतात. मी अबू सुहैब, सुहैबचा बाप. लपायलासुद्धा जागा नाही!

तुम्हाला सांगतो, झालं एवढंच. सुहैब आणि शेजारचा रकान गच्चीवर मोबाइलवर खेळत होते, रकाननं ह्याला गेममध्ये मागून गोळी घातली, ह्यानं त्याला खरोखरच हाणलं. कशानं? ते जाऊ द्या हो... जे हाताला लागलं त्यानं! झालं, रकानचा बाप म्हणतो, "पोलिसात जातो." म्हणजे पोरगं गेलंच की कामातून! मग रीतीप्रमाणे वडीलधारी मंडळी जमवली, पुढे बोलणी करायला गावचे बुजुर्ग हाज मिस्लेह, आणि निघालो रकानच्या घरी माफी मागायला. नेमका माझा इगाल सापडेना! रुमालावरचा काळा गोफ हो, त्याच्याशिवाय रुमाल डोक्यावर राहतोय का? गेलो तसाच, एका हातानं रुमाल धरून. हाज मिस्लेह गहिवरले! "बघा रे, पश्चात्तापानं बिचाऱ्यानं इगालसुद्धा घातला नाही!" मी आपली मान हलवली.

कॉफी आली. हाजनी पेला खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय तोंड लावायचं नाही, आणि बोलायचं फक्त हाजनी, बापानं गप्प बसायचं. पण मला राहवतंय होय? मध्येच उसळलो, "दोष गेमवाल्यांचा! ज्यानं वस्तू बनवली त्याला धरा! भरपाई त्याच्याकडून घ्या!" हाजनी असं बघितलं माझ्याकडे...

अबू रकान मात्र शांत. "पटलं बाबा," म्हणाला, "म्हणून काल तो गेम बघितला मी. बंदुका आहेत, बॉम्ब आहेत, तवासुद्धा आहे. हा मात्र कुठं दिसला नाही," आणि उशीखालून काढला... माझा इगाल! "दुहेरी घडी करून, टोक मुठीत धरून हाणलं म्हणे. ही पकड कुठल्या कंपनीची रे, अबू सुहैब?"

सगळे माझ्या डोक्याकडे बघतायत! पकड माझीच होती हो. गणितात नापास, दुहेरी घडी. उलट बोलला, दुहेरी घडी. मला वाटायचं, रडतो आणि विसरतो. तो शिकत होता! लाज वाटली, खरंच सांगतो, एवढी लाज आयुष्यात वाटली नाही.

"चूक माझी," म्हटलं, "त्याला पोलिसात देऊ नकोस."

अबू रकाननं इगाल पुन्हा उशीखाली सारला. मग म्हणाला, "प्या कॉफी. पण हा इगाल माझ्याकडे राहील. आणि पोराला मिशा फुटेपर्यंत नवा घ्यायचा नाही!"

प्यालो. गारढोण! तेव्हापासून हे असं... करकचा वारा, आणि माझा एक हात कायम डोक्यावर. परवा रुमाल सावरायला हात उचलला, तर सुहैब दचकून दोन पावलं मागे! "अरे, रुमाल धरतोय रे, बाळा..." आता हा दोष कुणाच्या नावावर टाकू, सांगा?

बाजारात जो तो विचारतो, "अबू सुहैब, इगाल कुठाय?" सांगतो आपला, माल सदोष निघाला, कंपनीनं परत मागवलाय!