टाळ्या मिळाल्या, पंखा नाही

मंडळी, तोंड देवानं सगळ्यांना दिलंय. बोलतातही सगळे! मग एकाचं बोलणं काम करून येतं आणि दुसऱ्याचं वाऱ्यावर जातं, ते का? आवाज कमी पडतो? शब्द कमी पडतात? सांगा बघू! बरं, मग ऐका.

गडहिंग्लजच्या बाजूला एक मसाल्याचा कारखाना. तिथं सुपरवायझर सदानंद हत्तरगी. बोलायला असा पटाईत, की गावात सत्कार असो, बारसं असो, माइक याच्याच हातात! कारखान्याच्या गिरणीत संकेश्वरी मिरची दळली जायची. तिखटाची धूळ बाहेर ओढणारा पंखा नाही. बाया तोंडाला पदर बांधून दिवसभर उभ्या. आणि आमचे सदानंदराव? गिरणीच्या काचेबाहेरून बघायचे, नाकाला रुमाल लावून!

त्या बायांत एक गौरामावशी. दळताना गायची. असा खणखणीत गळा, की गिरणीच्या घरघरीवरून मालकांच्या खोलीत ऐकू जायचा. पण हल्ली गाणं थांबलं. खोकलाच उरला.

सदानंद काही वाईट माणूस नव्हे हो. दर महिन्याच्या मिटिंगला पंखा मागायला तोच उभा राहायचा. पण सुरुवात कशी? "आजच्या या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या कर्तृत्वाचा सुगंध मसाल्यासारखा दरवळतो..." मग मान्यवर, मग श्रमाची महती, मग एक शेर! तोवर चहा यायचा. मालक शिवलिंगअण्णा टाळ्या वाजवायचे. "छान बोलला आमचा सदानंद!" संपली मिटिंग.

हसू नका! तुमच्या ग्रामसभेत वेगळं काय होतं?

एकदा गौरामावशीनं त्याला दारात गाठलं.

"साहेब, बोललासा न्हवं मालकांस्नी?"

"बोललो की मावशी. टाळ्या पडल्या."

"आनि पंखा?"

मावशी म्हणाली, "ह्या मिटिंगला बगा. न्हाई झालं तर काम सोडतो मी. पोटासाठी आल्ते वो, पर श्वासच पुरंना."

मंडळी, घरात कमावणारी ती एकटी. काम सुटलं तर चूल थंड. सदानंदच्या काळजाला लागलं ते. त्यानं ठरवलं — आता असं भाषण करायचं, की भिंती हलल्या पाहिजेत!

पण तालीम कुठं करायची? घरात बायको म्हणाली, "इथं नको, आमटी उतू जाईल." मग त्याला सुचलं — गिरणीत! तिथल्या आवाजात कोण ऐकतंय? गेला. काचेच्या आत गेला! रुमाल खिशात, हात वर, "सन्माननीय अध्यक्ष..." प्रत्येक सन्माननीयाला एक घास तिखट! सकाळभर गडी गर्जत राहिला. बाया हसून बेजार. मावशीनं शेवटी गुळाचा खडा दिला. पण व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी मिटिंगला उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. नुसती हवा!

अण्णा म्हणाले, "काय म्हणतोयस? अरे, तो डोक्यावरचा पंखा बंद करा, ऐकू येईना." खुर्च्या पुढं सरकल्या. सगळे कान देऊन बसले. असे कान त्याच्या आयुष्यात त्याला कुणी दिले नव्हते.

घोगऱ्या घशातून कसेबसे शब्द निघाले. "अण्णा, काल सकाळभर गिरणीत होतो. माझा आवाज गेला. गौरामावशी तिथं रोज असते. तिचं गाणं बंद झालंय. धूळ ओढणारा पंखा बसवा."

आणि खाली बसला.

अण्णांचा चहा हातातच राहिला. "गौराबाई गात नाही? तरीच खोली सुनी सुनी वाटते." मग रागावून म्हणाले, "अरे शहाण्या, एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस? इतक्या मिटिंगा काय बोलत होतास मग?"

घ्या!

खंडेनवमीच्या आत पंखा बसला. पूजेला फुलं वाहिली, नारळ फुटला. सदानंदचा आवाजही परत आला होता. अण्णा म्हणाले, "बोल दोन शब्द." सदानंद उठला. छाती भरून घेतली. बायांनी एकमेकींकडं बघितलं — आता आली का पंचाईत! त्यानं गौरामावशीकडं बघितलं आणि म्हणाला, "चालू करा."

दोनच शब्द! पंखा फिरला, लाल धूळ बाहेर निघाली. गाणं काही त्या दिवशी आलं नाही, खोटं कशाला सांगू? पण दिवाळीच्या आसपास एका सकाळी अण्णांनी खोलीची गिरणीकडची खिडकी उघडली, आणि ती बराच वेळ उघडीच ठेवली.

तर मंडळी, उद्या तुम्ही साहेबापुढं उभे राहाल. सुनेपुढं, सासूपुढं, देवापुढंसुद्धा. शब्द घासत बसू नका. ज्याच्यासाठी बोलायचंय, त्याच्या जागी आधी उभं राहून या. घशाला थोडं तिखट लागू द्या. मग जे निघेल ते थोडकंच निघेल, आणि ऐकायला लोक पंखे बंद करतील.

कीर्तनाच्या साथीला बसलेले आमचे तबलजी घड्याळाकडं बघतायत, म्हणजे ही कथा मलाही लागू झाली! आता विठ्ठलाचं नाव घ्या. एकदाच घ्या, पण आतून घ्या.