साहेबाच्या मासोळ्या आन् माजं शेवाळ

…आन् वरून हे मलाच म्हनत्यात, "शेवाळ तुज्यामुळं झालं!" माज्यामुळं? तुमाला सांगते, मी काय त्या पान्यात शेवाळाचं बी पेरलं व्हतं?

झालं काय, आमच्या शिरूरच्या कचेरीचे साहेब लई हौशी. मुंबईहून नवी कोरी काचंची पेटी आनली, रंगीत मासोळ्या आनल्या, आन् त्यांच्यासाठी समुद्राचं खारं पानी! बुधले भरभरून, बैलगाडीतून! हितं आमी घागरभर पान्यासाठी आडावर भांडतो, आन् मासोळ्यांच्या दाराशी समुद्र चालत आला! तेवढ्यात साहेबाला हैद्राबादहून सरकारचं बोलावनं. मग पेटी ठिवायची कुठं? कचेरीतल्या कारकुनाकडं, म्हंजे आमच्या घरधन्याकडं, अर्जुनरावांकडं. हे लगीच, "जी हुजूर!" न्हाई कावून म्हनतील? बीडच्या बदलीचा अर्ज साहेबाच्याच हातात. बीडला आमची शिवकन्या दिलेली, तिचं पोरगं आता पावलं टाकाया लागलंय. मासोळ्या सांभाळल्या की नातू कडंवर!

साहेब बजावून गेलते, "दिन में एक बार, चिमटीभर खाना. और धूप में नक्को रखना." आता चिमटीभर म्हंजे काय वो? मुंबईहून आलेला जीव! पाव्हन्याला उपाशी कसं ठिवायचं, सांगा!

मी भाकरीचा चुरा टाकला. शेजारची केशरबाई बघाया आली, ती काय रिकाम्या हातानं येती? शेंगदान्याचं कूट! "खावा गं बायांनो, लाजू नका!" हजराबी आली शेवया घिऊन, "अगे देखो तो, कित्ते सूक गये बच्चे!" सारी आळी लोटली. समद्यांना नीट दिसावं म्हनून पेटी मांडली अंगनात, भर उनात…

आन् काचंवर हिरवं आलं. आदी वाटलं, बरं दिसतंय, गारगार. मग काय, गोधडीच की! मासोळ्या आत, मी भायेर काचंला नाक लावून, "हाव का गं जित्या?"

हे कपाळाला हात लावून, "गेली बदली!" मी वाळल्या घोसाळ्याची जाळी घिऊन घासघास घासलं. सकाळी काच लख्ख, दोन दिसांत पुन्ना हिरवीगार! पेटी घरात घेतली, जुनं लुगडं टाकून झाकली, तर बाया लुगडं उचलून घास टाकाया लागल्या! "अवं केशरबाई, नका वो!" तर ती मलाच, "लई कंजूस झालीस गं! पाव्हन्याला उपाशी ठिवती?" आन् खरं सांगू? मलाबी पटायचं. ती गेली की मीबी एक घास…

आले साहेब! साहेबानं वाकून बोटानं शेवाळ पुसलं, आन् आतून मासोळी आली… ही गरगरीत! म्हैसच म्हना!

"माशाल्ला! क्या मोटे हुए जी!"

हे चाचरत म्हनले, "हुजूर, ती बीडची बदली…"

"बीड? नक्को नक्को! तुम गये तो इनकू कौन खिलाएगा?"

झालं का! आता हे रोज माज्या मागं, "अगं, उपाशी ठिव त्यांना. वाळल्या की साहेब आपल्याला आपसूक बीडला धाडतील." म्हनलं, ठीक हाय. नातवासाठी काळीज दगडाचं केलं. एक सकाळ काय बी टाकलं न्हाई. तर त्या काचंपाशी आल्या, तोंडं उघडून माज्याकडं टकामका बघाया लागल्या…

काय करता? मोडली भाकर!