साहेबांचा घसा

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या गावची विहीर आटली. चारठाण्याजवळच गाव आमचं. नवी विहीर कुठं खोदायची, हे सांगायला भूगर्भाचे जाणकार साहेब आले. आम्ही बाया रिकाम्या घागरी घेऊनच ऐकायला बसलो. साहेब अग्निजन्य खडक, सच्छिद्रता, जलधारक स्तर असं फार गोड बोलत होते.

माझ्या सासूबाईंनी मधेच विचारलं, "साहेब, हितं पाणी लागंल का?"

"आजी, आधी स्तररचना समजून घ्या," म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात केली. आमच्या ज्ञानात एवढी भर पडली, की घागरीत तेच भरून न्यावं.

शेवटी साहेबांचाच घसा कोरडा पडला. हळूच म्हणाले, "आजी, पाणी मिळेल का?"

सासूबाई म्हणाल्या, "आता कसं समजंल असं बोललात. आमी बी मघापासून हेच इचारायलोत."