एकशे तेरावं झाड

ऐका. मधे बोलू नका. आणि दाराकडे पाठ करून कोण बसलंय? सरक पुढे.

आपल्या वरच्या राईत झाडं मोजायला बाई आली होती ना, हेमांगी सामंत? कॉलेजात शिकवायची. राई तोडून रस्ता न्यायचा घाट होता. तिथे काय काय उगवतं त्याची यादी झाली तर राई वाचेल, म्हणून ती महिनाभर राबली. माणसाच्या छातीच्या उंचीला फीत गुंडाळायची, खोडाचा घेर मोजायचा, नंबराचा पत्रा ठोकायचा. जोडीला आपला भिवा गावडा. एकशे बारा झाडं झाली. एकाचंच नाव लागेना. फूल बघायला हवं, आणि ते फुलायचं अंधार पडल्यावर! सकाळी जावं तर खाली नुसता लगदा.

भिवा म्हणाला, "बाय, दिस बुडल्यार थंय जाव नको."

"परवा यादी द्यायची आहे, भिवा. अर्ध्या तासात येते."

गेली! एकटी! हातात विजेरी, खांद्याला पिशवी.

फूल मिळालं. पांढरं, बोटाएवढं. कागदात ठेवलं न् परत फिरली. बहात्तर नंबर. एकाहत्तर. सत्तर. बरोबर चाललीय. पुढे बघते तर बहात्तर! हसली. चुकले असेन म्हणाली. एकाहत्तर. सत्तर. बहात्तर! आता हसू नाही आलं.

आणि आवाज आला. भिवाचा.

"मॅडम, ही किंजळ मोजायची राहिली."

तिच्या जीवात जीव आला. "तू कधी आलास?"

"मॅडम, हा ऐन राहिला."

आवाज पुढे, ती मागे. विजेरी मारली खोडावर, तर पत्रा. एकशे तेरा! अहो, बाईनं ठोकले एकशे बारा! आणि अक्षर? तिचंच! एकशे चौदा. एकशे पंधरा. थांबावंसं वाटतंय, पण पाय थांबेनात.

मग एक पत्रा आला, त्यावर नंबरच नाही. नाव होतं. हेमांगी सामंत.

"सरळ उभ्या रव्हा, मॅडम. माप घेतंय."

फीत आली. मागनं. छातीभोवती फिरली, आवळली. एक वेढा. दुसरा. ओरडायला श्वास नाही. खाली बघते तर पावलं मातीत गेलेली!

तेवढ्यात लांबून दुसरी हाक. "गे बाय! खंय आसस?"

तोही भिवाच! आता खरा कुठला, सांगा? पण महिनाभरात भिवानं तिला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं. पिशवीतला हातोडा काढला न् मागं अंधारात हाणला. कशाला लागला, देव जाणे. फीत ढिली पडली, पाय मातीतनं सुटले.

"भिवाऽऽ!"

"हलू नको! आसस थंयच बस!"

बसली. पेटत्या चुडी घेऊन माणसं आली. उजेडात बघतात तर दोन हातांवर कडा! खाली सरळ दरी. पुढचं पाऊल तिथेच पडलं असतं.

तीन दिवस तापानं फणफणली. अंगावर वळ होते, वळांवर फितीचे आकडे. माझ्या बायकोनं तेल लावलं, तिनं डोळ्यांनी बघितले. त्या तापातच उठून बाईनं यादी पुरी केली, फुलाच्या नावासकट. राई राहिली, रस्ता खालून गेला. तिचे उपकार आहेत.

पण बाई त्या आवाजामागे ज्या वाटेनं गेली, ती कड्याकडची वाट दिवेलागणीनंतर धरायची नाही. कधी नाही! लांबून फार चांगली दिसते हो. सरळ, रुंद, झाडून ठेवल्यासारखी. आता राईतली वाट कोण झाडत असेल, त्याचा विचार करा, आणि जा आपापल्या घरी.