बोकशीची गाठ

ऐका. जरा शेकोटीजवळ सरका, आणि खाडीकडे पाठ करून बसू नका.

जोमा आवसेच्या रात्री निघाला, हातात बॅटरी. आय म्हणाली, "नको जाऊस रे, ओहोटी लागलीय." तो म्हणाला, "दादूसची बोकशी घेऊन येतो." गेला. ऐकणाऱ्यातला नव्हताच तो.

बोकशी म्हणजे दोन खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ओहोटीचं पाणी तोंडातून आत जातं, कोळंबी जाळ्याच्या शेपटीत अडकते. पण आवसेला शेपटीची गाठ सोडून ठेवायची, हा आपला नेम. त्या रात्री खाडीत वाढलेली बारकी कोळंबी समुद्राकडे निघते. तिथं मोठी होते, अंडी घालते, आणि तिचीच पिल्लं भरतीबरोबर परत आपल्या दारात येतात. तिची वाट अडवली, तर पुढल्या साली जाळ्यात नुसतं पाणी.

मागल्या आवसेला जोमाने गाठ मारली होती. एका रात्रीनं काय होतंय, म्हणाला. थोरला भाऊ हिराजी, त्याचा दादूस, ती सोडायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. सकाळी गाठ सुटलेली होती. हिराजी मात्र मिळाला नाही.

तर जोमा बांधावर. पुढे कोणीतरी चाललेलं, चिखलात पावलं वाजतायत, चप चप. हा थांबला की तीही थांबायची. बॅटरी मारली, माणूस नाही. पावलं उमटलेली, त्यांत पाणी भरतंय. हसतोस काय रे बाळ्या, तुझा बापही त्या बांधाने जात नाही.

खुंटाजवळ आला, तर बोकशी फुगलेली. आत कोळंबीचे डोळे, निखाऱ्यासारखे लाल, हजारो. शेपटी उघडी, तरी एकही बाहेर पडत नव्हती.

आतून हाक आली. "जोम्या, जेवलास का?"

दादूसचाच आवाज. जोमा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. "दादूस, घरी चल. आय जेवत नाही."

"ओहोटी ओढतेय मला. गाठ मार. मारलीस तर मी राहीन."

जोमाने सुतळीचा एक वेढा दिला. पाणी छातीला आलं. ओहोटीचं पाणी, ऐका, आणि चढत होतं. जाळ्यातून हात आला, त्याने मनगट धरलं. "दुसरा वेढा दे. लवकर." पाणी हनुवटीला.

तेव्हा जोमाला उमगलं. दादूस मेला तरी 'गाठ मार' म्हणायचा नाही. ती सोडायलाच तर तो गेला. जोमाने वेढा ओढून काढला.

लाल डोळे त्याच्या बगलेतून, बोटांतून समुद्राकडे वाहत गेले. मनगटावरची पकड सगळ्यात शेवटी सुटली.

सकाळी तो बांधाखाली चिखलात सापडला. मनगटावर पाच काळे वळ. आयने विचारलं, "बोकशी कुठाय?"

"सोडली," म्हणाला.

तेव्हा आवसेला त्या बांधाने जाऊ नका. भूत परक्या आवाजात बोलत नाही, बाबांनो. ते जेवलास का विचारतं.