तिसऱ्यांदा नको म्हणायचं होतं

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "त्यात काय एवढं ऑरिन, सही करायची आणि आपले पैसे काढून घ्यायचे!" काढून घ्यायचे? अहो, तुम्हाला सांगतो, बँकेवर दरोडा घालणं सोपं असेल, पण व्हर्लिनकडून स्वतःचे पैसे काढून घेणं... छे! तो जरा जरी लबाड असता ना, तर मी केव्हाच सुटलो असतो. दोन शिव्या घातल्या असत्या, दार आपटलं असतं, मोकळा झालो असतो. पण नाही! माणूस चांगला आहे हो!

व्हर्लिन म्हणजे आमच्या शाळेचा हॉकीचा कोच. मी त्याच शाळेत एकतीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, आणि सगळ्यांची दहाही बोटं शाबूत आहेत, हवं तर गावात फिरून मोजा! तर ह्याची पाठ धरली, कोचिंग सुटलं आणि हा पॉलिस्या विकायला लागला. एक दिवस स्टाफरूममध्ये आला, हातात डोनटचा हा एवढा खोका. "ऑरिन, म्हातारपणाचं काय ठरवलंयस?" माझ्या तोंडात डोनट! तोंडात डोनट असताना माणूस काय ठरवणार? मी नुसती मान हलवली, आणि त्या मानेवर माझा पगार कापायला सुरुवात झाली.

त्या प्रकाराला म्हणतात ॲन्युइटी. म्हणजे कसं, पैसे आपले, बाजाराबरोबर ते वर-खाली होणार, पण वर गेले काय, खाली गेले काय, कंपनी आपला वाटा दरवर्षी काढणारच! आणि सात वर्षं हात लावायचा नाही, लावला की दंड. बरं, सात वर्षं संपली की मोकळे? कुठले! सात वर्षं संपली की व्हर्लिन दारात. "ऑरिन, तुला नवा बोनस मिळतोय!" बोनस घेतला की पुन्हा सात वर्षं. असं दोनदा झालं. पहिली सात धरून एकवीस वर्षं, अहो! एवढ्यात खून केलेला माणूस सुटून घरी येतो!

मग ईस्टरला आमची सिग्रिड आली. ही आमची लेक, मिनियापोलिसला हॉस्पिटलात हिशेब बघते. तिने कागद वाचले आणि अशी किंचाळली, की मला वाटलं कागदात उंदीर निघाला. "बाबा! हे लोक वर्षाला साडेनऊ हजार डॉलर फी घेतायत! आई शाळेच्या किचनमध्ये वर्षभर उभी राहून जेवढं आणते ना, तेवढं!" मी म्हटलं, अगं पण हमी आहे, मी मेलो तर घातलेले पैसे आईला नक्की परत मिळतात. "बाबा, त्या हमीसाठी तुला मरावं लागेल!"

मी आर्डिसकडे बघितलं. माझी बायको, चौसष्ट वर्षांची, अजून त्या किचनात हॉटडिशचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याचे, भरलेले ट्रे उचलते. ती खुर्चीत बसली आणि फ्रीजरमधल्या मटारच्या दोन पिशव्या दोन गुडघ्यांवर ठेवल्या. रोज संध्याकाळी ठेवते. पण त्या दिवशी त्या पिशव्या माझ्याकडेच बघतायत असं वाटलं हो मला. लाज वाटली.

तर ठरलं! मे महिन्यात मुदत संपते. सगळे पैसे काढायचे आणि सिग्रिडने शोधलेल्या निवृत्तीच्या साध्या खात्यात थेट वळवायचे. कर नाही, दंड नाही, फी नावापुरती, आणि सप्टेंबरपासून आर्डिस घरी. फक्त व्हर्लिनला 'नको' म्हणायचं. फक्त!

आमच्या गावात 'नको' म्हणजे काय, माहितीय? कॉफी घेणार? नको नको. अरे घे. नको, निघतोच आहे. अरे, केलेलीच आहे! ...बरं, अर्धाच कप. ही आमची रीत. दोनदा नको, तिसऱ्यांदा हो. दोनदा नको म्हणणं म्हणजे नुसतं चांगलं वळण, ते कोणी मनावर घेत नाही. माझा आजा एकदा ऐन भरात तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तर त्या घराशी आमचं दोन पिढ्या बोलणं नव्हतं! ह्याआधी दोन्ही वेळा मी व्हर्लिनला नको म्हटलं होतं, दोन-दोनदा म्हटलं होतं! तिसऱ्यांदा त्याने विचारलं, आणि झालं.

म्हणून आर्डिसने माझी तालीम घेतली. ती व्हर्लिन झाली, हातात डाव. "घे रे बोनस!" नको. "अरे घे!" नको. "कागद केलेलेच आहेत!" ...आणि माझ्या घशातून आवाजच फुटेना! "ऑरिन," ती म्हणाली, "मी तुझी बायको आहे, व्हर्लिन नाही." मी म्हटलं, माहितीय गं, पण तू हुबेहूब केलंस! आठ दिवस रोज तालीम केली, तेव्हा कुठे तिसरा नको बाहेर पडला.

गेलो. त्याच्या स्वयंपाकघरात बसवलं मला, समोर रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री, गरम. आणि अहो, हा बाबा कसा, तर दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ आपल्या गाडीने फुकट काढून देतो. माझ्या बापाला पोचवताना उणे तीसमध्ये शवपेटीला ह्याने खांदा दिला, हातमोज्यांशिवाय, का, तर हातमोजे त्याने मला दिले होते. आता सांगा, अशा माणसाला...? माणूस चांगला आहे हो!

"ऑरिन, पैसे तुझे, मर्जी तुझी. पण नवा बोनस आलाय."

"नको, व्हर्लिन."

"अरे घे."

"नको. सिग्रिडने दुसरीकडे ठरवलंय." बघा! दोन झाले!

त्याने माझ्या कपात कॉफी ओतली आणि अगदी हळू म्हणाला, "कागद केलेलेच आहेत रे..."

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, गुडघे, ऑरिन, गुडघे! मटार, मटार, मटार! तोंड उघडलं, 'न' जिभेवर आला होता, शप्पथ, आला होता... आणि बाहेर काय पडलं?

"बरं... अर्धेच."

अर्धे! अर्धे पैसे गेले सिग्रिडच्या खात्यात, अर्धे बसले व्हर्लिनकडे आणखी सात वर्षं, बोनससकट. घरी आलो, तर आर्डिस दारातच. "म्हणालास?" म्हणालो. "तीनदा?"

"...अडीचदा."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आत गेली, आणि फ्रीजर उघडल्याचा आवाज आला.

आता ती अर्धा दिवस कामावर जाते. एका गुडघ्याला बराच आराम आहे म्हणते. कुठल्या, ते विचारायची माझी हिंमत नाही. आणि परवा हा एवढा बर्फ पडला. मी मनात म्हटलं, आता व्हर्लिन येतोय कशाला, आणि आलाच तर अर्धाच काढेल. सकाळी पडदा सारून बघतो, तर कडेपर्यंत, लख्ख, सगळा बर्फ काढलेला! आर्डिसची गाडी एका झटक्यात बाहेर पडली, कामाला पाच मिनिटं लवकरच पोचली बिचारी.

काय करणार? माणूस चांगला आहे हो!