रस्त्याच्या पलीकडचे केस

नाही, तुम्हीच सांगा, डोक्यावरचे केस काय रस्ता बघून वाढतात? माझं सलून रस्त्याच्या अलीकडे, तर इथलं गिऱ्हाईक दाढी-कटिंग करून वर मालिश फुकटात मागणार, आणि पलीकडे, तुम्हाला सांगतो, नुसतं पाणी फवारलं तरी त्याचे वेगळे, शिवाय गिऱ्हाईकच थँक्यू म्हणणार... कात्री तीच, हात तोच, मग फरक कसला?

विचारलं आमच्या प्राध्यापकांना. राहतात पलीकडे, दाढीला येतात अलीकडे. अर्ध्या तोंडाला फेस, तसेच बोट वर करून म्हणाले, "अहो, काही देश श्रीमंत, काही गरीब, तेही असंच. कोणाला बंदर मिळालं, कोणाला डोंगर. सगळी जागेची करणी." एवढं ज्ञान, पण मालिश फुकटच घेऊन गेला माणूस. बायको म्हणाली, "जागेचं काही नाही, तुमचं तोंड फार चालतं." घरमालक म्हणाला, "पलीकडे बस थांबते ना..."

म्हणजे घोडं बसस्टॉपपाशी अडलेलं! म्हटलं, तो काही इकडे यायचा नाही, आपणच तिकडे जाऊ. बायकोचे दागिने मोडले, पलीकडे गाळा घेतला, तिप्पट भाडं, भिंतभर आरसा, एसी... जुनं दुकान दिलं मेहुण्याला, ज्याला वस्तरा धरायला मीच शिकवलं. कात्री तीच, हात तोच, पण दर पाचपट, आणि लोक चक्क देत होते हो. पहिला आठवडा मी आरशात बघून स्वतःलाच 'सर' म्हणत होतो. मेहुण्याला फोनवर ऐकवलंसुद्धा, "अरे, दृष्टी लागते, मेहनत लागते."

तिसऱ्या महिन्यात पाइप टाकायला रस्ता खणला आणि बसस्टॉप उचलून नेला समोर. कोणाच्या दारात? मेहुण्याच्या. पाइप टाकला, खड्डा बुजवला, स्टॉप मात्र तिथेच, लोकांना सोयीचा पडतो म्हणे. मेहुण्याने काय केलं? काही नाही. दुपारचा झोपला होता, उठला तर दारात रांग. इकडे कात्री तीच, हात तोच, आणि डोकं एक नाही... मी आणि आरसा, दोघं एकमेकांकडे बघतोय, भाडं मात्र चालूच.

काल मेहुणा आला. वाटलं, धीर द्यायला आला असेल. तर म्हणतो, "दाजी, गर्दी आवरत नाही, हाताखाली माणूस पाहिजे. ताईनं तुमचं नाव सुचवलं."

मंगळवारपासून जातोय. आठ दिवस काम बघतो म्हणाला, पटलं तर कायम करतो.